सांध्यावरची गळती

१. प्रश्न नेमका कोणता

दहावी-बारावीच्या निकालात दरवर्षी मुली पुढे असतात, मग तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील वरच्या पदांवर त्या इतक्या थोड्या का दिसतात, हा प्रश्न निकालाच्या दिवसांत घरोघर विचारला जातो, आणि कोकणात त्याला अधिकच धार येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून झालेला शिक्षण मंडळाचा कोकण विभाग स्थापनेपासून राज्यात सातत्याने पहिला येत आहे. २०२४ मध्ये बारावीचा त्याचा निकाल ९७.५१ टक्के लागला, आणि त्याच परीक्षेत राज्यभरातील मुलींपैकी ९५.४४ टक्के, तर मुलांपैकी ९१.६० टक्के उत्तीर्ण झाले. ज्या जिल्ह्यांतील मुली राज्यात सर्वांत चांगल्या निकालाच्या वाटेकरी आहेत, तेथील एखाद्या गावातून किती मुली अभियंता होतात, त्यांतील किती जणी दहा वर्षांनी त्याच कामात असतात आणि किती जणी इतरांचे काम ठरवण्याच्या जागी पोचतात, असे तीन वेगळे प्रश्न त्या एका प्रश्नाच्या पोटात दडलेले आहेत.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशात अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाच्या पदवीपूर्व अभ्यासक्रमांत मुलींचा वाटा सुमारे २९ टक्के होता. माहिती-तंत्रज्ञान उद्योगात स्त्रियांचा वाटा साधारण ३६ टक्के सांगितला जातो, म्हणजे तो महाविद्यालयातल्या वाट्याहून जास्तच आहे. यात विसंगती वाटेल, पण त्याचे कारण सरळ आहे: या उद्योगात अभियंत्यांबरोबर विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांचे पदवीधरही काम करतात, आणि ग्राहकसेवेच्या केंद्रांचीही गणना त्यातच होते. म्हणून नुसत्या एका टक्केवारीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. शाळेच्या बाकापासून वरिष्ठ पदापर्यंतच्या वाटेवर मुलींची संख्या नेमकी कुठे घटते, हे टप्प्याटप्प्याने पाहिले तरच हाती काही लागते.

२. पन्हळीचे गणित

हा टप्प्याटप्प्याचा हिशेब समजण्यासाठी कोकणातल्या बागाईतीतली एक जुनी सोय उपयोगी पडते. गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे आणि समुद्रकाठच्या बामणघळीमुळे सर्वांना माहीत आहे. या किनारपट्टीवर डोंगर उतरून समुद्राला भिडतो आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा असतात. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी अशा बागेत आणण्यासाठी पोफळीचे खोड उभे चिरून आतला गाभा कोरून काढीत आणि त्याची पन्हळ करीत. एक पन्हळ पुरत नसे, म्हणून एकीचे टोक दुसरीच्या तोंडावर चढवून, खाली दुबेळक्या लाकडाचे टेकू देऊन, झऱ्यापासून शेवटच्या आळ्यापर्यंत अशा पन्हळींची ओळ लावली जाई. खोड धड असेल तर पाणी मध्येच सहसा गळत नाही. ते गळते ते सांध्यावर, जिथे एक पन्हळ संपते आणि दुसरी सुरू होते, कारण तिथे एखादा टेकू सरकलेला असतो किंवा वरचे तोंड खालच्या पन्हळीच्या बाहेर गेलेले असते.

मुलीच्या तंत्रज्ञानातील वाटचालीतही असेच सांधे असतात. दहावीनंतर विज्ञान शाखा घेणे हा पहिला सांधा, बारावीनंतर अभियांत्रिकी किंवा तत्सम अभ्यासक्रमाला जाणे हा दुसरा, पदवीनंतर त्याच क्षेत्रात नोकरी मिळणे हा तिसरा, लग्न आणि मूल यांच्या काळात ती नोकरी टिकणे हा चौथा, आणि कर्मचारी म्हणून मिळालेल्या जागेवरून इतरांचे काम पाहणाऱ्या जागेवर बढती मिळणे हा पाचवा. या प्रत्येक ठिकाणी मुलगी एका व्यवस्थेच्या हातून दुसऱ्या व्यवस्थेच्या हाती जाते. शाळेचे काम निकालाबरोबर संपते, महाविद्यालयाचे पदवीबरोबर, आणि कंपनीचे काम नोकरीच्या पहिल्या दिवशी सुरू होते. मधल्या सांध्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नसते.

आता एक छोटे उदाहरण करून पाहावे. यातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, सारख्याच गुणवत्तेच्या १०० मुली आणि १०० मुलगे या वाटेने निघाले. प्रत्येक सांध्यावर मुलींपैकी ८० टक्के आणि मुलग्यांपैकी ९५ टक्के पुढे जातात असे धरले, तर पहिल्या सांध्यानंतर ८० मुली उरतात, दुसऱ्यानंतर ६४, तिसऱ्यानंतर ५१, चौथ्यानंतर ४१ आणि पाचव्यानंतर जेमतेम ३३. मुलग्यांपैकी मात्र शेवटी ७७ उरतात. कोणत्याही एका सांध्यावर उभे राहून पाहणाऱ्याला फरक फारसा मोठा वाटत नाही, पाचांपैकी चार मुली तर पुढे गेल्याच, असेच तो म्हणेल; आणि तरीही शेवटच्या आळ्यापाशी दोन मुलग्यांमागे एक मुलगीसुद्धा धड उरत नाही.

याच उदाहरणातून दुसरी एक गोष्ट कळते, आणि ती धोरण आखणाऱ्यांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. पाचांपैकी एकच सांधा पूर्ण बंदिस्त केला, म्हणजे तेथे १०० पैकी १०० मुली पुढे गेल्या, तर शेवटी ३३ च्या जागी ४१ मुली उरतात. पण पाचही सांधे थोडेथोडे सुधारून प्रत्येक ठिकाणी ८० ऐवजी ९० टक्के मुली पुढे जाऊ लागल्या, तर शेवटी ५९ उरतात. एकाच टप्प्यावर मोठा खर्च करून पुढच्या टप्प्यांकडे पाठ फिरवणाऱ्या योजनांचे फळ अपेक्षेपेक्षा कमी का मिळते, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

३. गणित मुलींना जमत नाही का?

सांध्यांचा विचार करण्यापूर्वी एक जुनी समजूत बाजूला करणे आवश्यक आहे. यंत्रे आणि गणित यांचा कल मुलांमध्ये उपजत अधिक असतो, असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी एकाच विषयाकडे दोन देशांत कसे पाहिले जाते हे पाहावे. अमेरिकेत १९४६ मध्ये एनिॲक हे प्रचंड इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र जगापुढे आले, तेव्हा त्याला गणिते करायला लावण्याचे काम सहा स्त्रियांनी केले होते. पुढे तेथे संगणकशास्त्राच्या पदव्यांत स्त्रियांचा वाटा वाढत जाऊन १९८० च्या दशकाच्या मध्यास सुमारे ३७ टक्क्यांवर पोचला, आणि त्यानंतर उतरत उतरत पंचवीस वर्षांत १८ टक्क्यांच्या आसपास आला. स्त्रियांची बुद्धी या पंचवीस वर्षांत निम्मी झाली, असे कोणी म्हणणार नाही. त्याच काळात घरगुती संगणक बाजारात आले, ते मुलग्यांचे खेळणे म्हणून विकले गेले, आणि महाविद्यालयात येणाऱ्या मुलग्यांच्या हातांना यंत्राची सवय अगोदरच झालेली असे, तर मुलींना पहिल्याच वर्गात आपण मागे आहोत असे वाटू लागे.

भारतात याच विषयाचे उलटे झाले. संगणकाचे काम छताखाली, बसून आणि स्वच्छ जागी होते, कारखान्याच्या पाळ्या किंवा बांधकामावरचे ऊन त्यात नाही, म्हणून पालकांना ते मुलीसाठी योग्य वाटले. यंत्र किंवा स्थापत्य शाखेपेक्षा संगणक शाखेकडे मुली मोठ्या संख्येने वळल्या. जो विषय एका देशात पुरुषी ठरला तोच दुसऱ्या देशात मुलींना शोभणारा ठरला, यावरून कल रक्तातून न येता घरातल्या आणि शेजारपाजारच्या बोलण्यातून घडतो हे उघड होते.

तो घडवता येतो याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९९५ मध्ये नव्या विद्यार्थ्यांत मुलींचा वाटा ७ टक्के होता आणि २००० मध्ये तो ४२ टक्के झाला. तेथे मुलींसाठी परीक्षा सोपी करण्यात आली नाही. प्रवेश देताना अगोदर संगणक हाताळल्याचा अनुभव असण्याला दिलेले वजन कमी केले, आणि पहिल्या वर्षाच्या अभ्यासाला विद्यार्थ्याच्या पूर्वतयारीप्रमाणे निरनिराळ्या पायऱ्यांवरून सुरुवात करण्याची सोय ठेवली. पोहणे शिकवताना ज्याने कधी विहीर पाहिली नाही त्याला आणि लहानपणापासून डुंबत आलेल्याला एकाच दिवशी खोल पाण्यात सोडत नाहीत. काही महिन्यांनी दोघेही सारखेच पोहतात. ज्यांच्या घरी संगणक नव्हता अशा गावाकडच्या मुलींना शहरातल्या महाविद्यालयात पहिल्या सहामाहीत जो न्यूनगंड येतो, त्यावरही उपाय हाच आहे.

४. पहिल्या स्त्रियांना दार कोणी उघडले

महाराष्ट्रातील ज्या स्त्रियांनी विज्ञान-तंत्रज्ञानात प्रथम पाऊल टाकले, त्यांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली तर त्यांत एक समान धागा सापडतो.

कमला सोहोनी या माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला, पण एक वर्ष त्यांचे काम पाहून मगच तो पक्का केला जाईल या अटीवर. ते वर्ष त्यांनी निभावले, संस्थेची दारे पुढच्या मुलींसाठी उघडली, आणि १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या. अट घातली गेली ती एकट्या त्यांच्यावर. बरोबरीच्या मुलग्यांना असे परीक्षेचे वर्ष द्यावे लागले नव्हते. उमेदवारीचा हा जादा भार पुढच्या पिढ्यांतही निरनिराळ्या रूपांत चालू राहिलेला दिसतो.

शकुंतला भगत यांची कामगिरी जितकी मोठी, तितकी ती सर्वसामान्य वाचकांना अपरिचित आहे. मुंबईच्या आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेतून १९५३ मध्ये त्या स्थापत्य अभियंता झाल्या. या शाखेतील देशातल्या सुरुवातीच्या स्त्री अभियंत्यांत त्यांचे नाव घेतले जाते. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन केले आणि पती अनिरुद्ध भगत यांच्यासह क्वाड्रिकॉन ही पूल बांधणारी कंपनी उभी केली. त्यांची मूळ कल्पना समजायला सोपी आहे. प्रत्येक नदीसाठी पुलाचे वेगळे आराखडे काढून त्याचे भाग वेगळे घडवण्याऐवजी, ठरावीक मापांचे थोडेच पोलादी भाग कारखान्यात एकसारखे तयार करायचे, मालमोटारीने जागेवर न्यायचे आणि हवी तितकी लांबी-रुंदी साधेल असे ते जोडायचे. मुलांच्या खेळातल्या जोडणीच्या पट्ट्यांतून कधी गाडी तर कधी पाळणा होतो, तसेच हे. अवघड डोंगराळ मुलखात याचा विशेष उपयोग होता, आणि त्यांचा पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचल प्रदेशातील स्पिती येथे उभा राहिला. या पद्धतीत खरा कस लागतो तो दोन भाग जिथे एकत्र येतात तेथे, कारण पुलावरचा सगळा भार तिथून पुढे सरकतो. या जोडासाठी त्यांनी युनिशिअर कनेक्टर हा जोडभाग शोधून काढला. वेगवेगळ्या तुकड्यांची बळकटी त्यांच्या सांध्यावर ठरते, हे या स्त्रीने आयुष्यभर पोलादात सिद्ध केले.

शकुंतलाबाईंचे वडील स. बा. जोशी हे भारतातील पूलबांधणीतले अध्वर्यू होते आणि पतीही अभियंते होते. भागवतांच्या घरी रसायनशास्त्र, जोश्यांच्या घरी पूल, असे ज्ञान जेवणाच्या पानावर बसून ऐकायला मिळाले, यात त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा येत नाही. परंतु वडिलांनी हे क्षेत्र पाहिलेले असणे म्हणजे मुलीला कोणता अभ्यासक्रम घ्यावा हे सांगणारा, नकार आला तर पुन्हा अर्ज कर म्हणणारा आणि ओळखीच्या माणसाकडे तिच्यासाठी शब्द टाकणारा असा कोणीतरी घरातच असणे. हेदवीसारख्या गावातल्या ज्या मुलीचे वडील आंब्याची कलमे राखतात किंवा मुंबईत नोकरीला आहेत, आणि जिच्या नात्यागोत्यात कोणीही अभियंता नाही, तिच्यासाठी ही तिन्ही कामे कोणी करायची, हा स्त्रियांच्या तांत्रिक प्रगतीचा कळीचा प्रश्न आहे. घराने केले ते काम संस्थेने अंगावर घेतल्याशिवाय अशा मुलींची वाट सुरू होत नाही.

५. घराचे काम संस्थेकडे

या बाबतीत रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राला एक मोठा माणूस दिला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ मध्ये खेड तालुक्यातील शेरवली येथे आजोळी झाला आणि त्यांचे बालपण दापोलीजवळच्या मुरुड गावी गेले. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याच्या माळावर नेला, आणि १९१६ मध्ये भारतातले पहिले महिला विद्यापीठ स्थापन केले. ज्या स्त्रीला माहेर आणि सासर दोन्ही बंद झाले, तिला राहायला जागा, दोन वेळचे अन्न, शिक्षण आणि शिक्षणानंतर कमावण्याचे साधन या चारही गोष्टी एकाच आवारात मिळाव्यात, ही त्यांची दृष्टी होती. आजच्या भाषेत सांगायचे तर वसतिगृह, खानावळ, वर्ग आणि नोकरी यांच्यामधले सांधे त्यांनी एकाच छपराखाली आणले.

त्याच आश्रमातून वाढलेल्या संस्थेने १९९१ मध्ये कर्वेनगर येथे कमिन्स कंपनीच्या साहाय्याने मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. केवळ स्त्रियांसाठीचे असे ते देशातले पहिलेच. मुलींचे स्वतंत्र महाविद्यालय कशाला, असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य नाही असे नाही, कारण पुढे काम पुरुषांबरोबरच करायचे असते. परंतु प्रयोगशाळेत मोटर उघडणारे हात, कार्यशाळेत लेथवर उभे राहणारे हात आणि प्रकल्पाचा प्रमुख म्हणून बोलणारा आवाज हे सर्व मुलींचेच असतात, तेव्हा मिश्र गटात सवयीने वाट्याला येणारे नोंदी लिहिण्याचे आणि फलक रंगवण्याचे काम त्यांच्यावर सोपवायला कोणी उरत नाही. चार वर्षे यंत्राला स्वतः हात लावलेली मुलगी कारखान्यात गेल्यावर बावरत नाही. वेगळेपण कायमचे असावे असा याचा अर्थ नाही; पण रोप लावताना आळ्याभोवती जसे काट्यांचे कुंपण घालतात, तसा काही काळ आडोसा मिळाला तर त्याचा लाभ होतो.

दुसरा मार्ग मिश्र संस्थांमध्येच मुलींच्या जागा वाढवण्याचा. महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये मात्र २०१६-१७ च्या सुमारास शंभर विद्यार्थ्यांत मुली दहाच्या आतबाहेर असत. तेथे २०१८ पासून जादा जागांची योजना आली, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. समजा, एका शाखेत १०० जागा आहेत आणि गुणवत्ता यादीप्रमाणे त्यांपैकी ८ मुलींना मिळतात. आता मुलग्यांच्या ९२ जागांना हात न लावता १५ नव्या जागा वाढवल्या आणि त्या मुलींना दिल्या, तर ११५ विद्यार्थ्यांत २३ मुली होतात, म्हणजे बरोबर २० टक्के. एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढल्याची तक्रार येथे उद्भवत नाही. २०१८ मध्ये १४ टक्के, २०१९ मध्ये १७ टक्के आणि २०२० मध्ये २० टक्के अशी उद्दिष्टे टप्प्याने ठेवली गेली, आणि वर्गातल्या एकट्यादुकट्या मुलीचे एकटेपण त्यामुळे निश्चितच कमी झाले.

पैशाच्या बाजूने, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. हा मोठा निर्णय आहे. मात्र शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे, खानावळ, लॅपटॉप आणि सुट्टीत घरी येण्याजाण्याचा खर्च शिल्लक राहतो, आणि मुलगा-मुलगी दोघांना बाहेरगावी ठेवण्याची ऐपत नसलेल्या घरात अखेरचा निर्णय बहुधा याच खर्चावर होतो.

पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६७ मध्ये यंत्र अभियंता होऊन पुढे अल्फा लावल या कंपनीच्या भारतातील प्रमुखपदी पोचलेल्या लीला पूनावाला यांनी हे ओळखले होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चालणारे त्यांचे प्रतिष्ठान मुलींना शिष्यवृत्तीबरोबर इंग्रजी संभाषणाचा सराव, मुलाखतीची तयारी आणि या क्षेत्रातील अनुभवी माणसांची ओळखही करून देते. धनादेश देऊन मोकळे न होता पुढच्या पन्हळीचे तोंड धरून ठेवणे म्हणतात ते हेच.

६. नोकरीतले सांधे

नोकरीच्या दारातला अडथळा डोळ्यांना सहज दिसत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या एका जागेसाठी केलेला एकच अर्ज विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांकडे मतासाठी पाठवला. निम्म्यांच्या प्रतीवर अर्जदाराचे नाव पुरुषाचे, तर निम्म्यांच्या प्रतीवर स्त्रीचे होते. बाकी अक्षरही वेगळे नव्हते. पुरुषाचे नाव असलेला अर्जदार अधिक सक्षम ठरला आणि त्याला देऊ केलेला पगारही जास्त होता. विशेष म्हणजे स्त्री प्राध्यापकांनीही पुरुष प्राध्यापकांसारखाच कौल दिला. म्हणून निवड समितीत एक स्त्री बसवली की काम झाले, ही समजूत अपुरी आहे. प्रश्न कोणते विचारायचे आणि गुण कशाला द्यायचे हे मुलाखतीपूर्वीच लिहून ठरवणे त्याहून उपयोगाचे असते.

बढतीच्या सांध्यावर सल्ला देणारा आणि शब्द टाकणारा यांतला भेद महत्त्वाचा ठरतो. सल्ला देणारा वरिष्ठ तुझे काय चुकते आणि काय शिकायला हवे हे त्या स्त्रीला सांगतो. शब्द टाकणारा वरिष्ठ, ती जिथे हजर नाही अशा बैठकीत तिचे नाव घेतो, हे काम तिला द्या, जबाबदारी माझी, असे म्हणतो. स्त्रियांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, शब्द टाकणारे थोडे. आणि अवघड, नाव मिळवून देणारी कामे शब्दावरच वाटली जातात. सल्ल्याचे वर्ग भरवणाऱ्या संस्थांनी किती स्त्रियांना सल्ला मिळाला यापेक्षा किती जणींना मोठे काम मिळाले हे मोजले, तर खरे चित्र समोर येईल.

मूल झाल्यानंतरच्या काळाबाबत कायद्याने बरीच मजल मारली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही रजेची हीच मुदत ठेवलेली आहे. परंतु या रजेच्या पगाराचा भार बहुतेक खासगी कार्यालयांत मालकावरच पडतो, आणि खासगी क्षेत्रातील पित्याला मात्र कायद्याने एक दिवसही रजा नाही. त्यामुळे तरुण स्त्रीला घेणे महागात पडते असा हिशेब मालकाच्या मनात होतो, आणि संरक्षणासाठी केलेली तरतूद कधी कधी दाराशीच आडवी येते. रजेचा खर्च अनेकांत विभागला आणि पित्यालाही रजा मिळाली, तर हा हिशेब बदलेल.

खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून महिला वैज्ञानिक योजना चालवली, आणि टाटा समूहाने २००८ मध्ये अशाच परतीच्या वाटेसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले ज्या अभ्यासगटात होत्या, त्याने २०१० मध्ये प्रशिक्षित स्त्री वैज्ञानिकांविषयी अहवाल दिला. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे स्त्रिया संशोधन सोडतात हा सार्वत्रिक समज या अहवालाने उलटवला. काम सोडलेल्या स्त्रियांनी कारण दिले ते प्रामुख्याने योग्य जागाच न मिळाल्याचे. बाई घरात रमली असे म्हणणे सोपे असते, कारण त्यात कोणालाच काही करावे लागत नाही.

७. हेदवीहून मोजताना

आता या सर्व सांध्यांवरून एका ठरावीक गावातून चालून पाहावे. हेदवीच्या मुलीला दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यायची तर शाळेच्या वेळेशी एसटीची वेळ जुळावी लागते; ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, आणि २०२३ पासून एसटीत सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, या दोन सवलती अभियांत्रिकीच्या कोणत्याही चर्चेत उल्लेखिल्या जात नाहीत, पण पहिला सांधा त्यांनीच सांभाळलेला असतो. प्रात्यक्षिक संपायला उशीर झाला आणि शेवटची गाडी गेली, तर पावसाळ्यात घाटीच्या रस्त्याने परतणार कसे, हा प्रश्न पालक विचारतात तेव्हा त्यांना मागासलेले ठरवण्यापेक्षा गाडीची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेणे अधिक शहाणपणाचे आहे. बिहारमध्ये २००६ पासून मुलींना सायकली देण्याच्या योजनेचा अभ्यास झाला, त्यात माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, आणि वाढ मुख्यतः जिथे शाळा लांब होती तिथे झाली.

दुसऱ्या सांध्यावर गुहागर तालुक्याला एक मोठी सोय लाभली आहे. ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने २०१२ मध्ये हेदवीच्या शेजारच्या वेळणेश्वरात महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. त्यापूर्वी या किनाऱ्यावरच्या मुलीला अभियंता व्हायचे तर खेडजवळचे लवेल, देवरुखजवळचे आंबव, रत्नागिरी किंवा थेट मुंबई-पुणे गाठावे लागे. मुलगा नातेवाइकाच्या चाळीतल्या खोलीत गॅलरीत झोपून शिकू शकतो, मुलीला तसे ठेवायला कोणी धजत नाही. म्हणून गावाजवळचे महाविद्यालय मुलग्यासाठी केवळ सोय असते, तर मुलीसाठी शिक्षण होणे की न होणे हेच त्यावर ठरू शकते.

तिसरा सांधा कोकणात सर्वांत कमकुवत आहे, आणि त्याची मुळे जुनी आहेत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा मुलींच्या स्वागताचा म्हणून मिरवला जातो, पण त्यामागचे मुख्य कारण पुरुषांचे मुंबईला जाणे हे आहे. चाकरमानी गेला, मनीऑर्डर आली, आणि शेती, गुरे, म्हातारी माणसे, मुलांच्या शाळा हे सारे बाईने सांभाळले. बाहेर जायचे ते पुरुषाने, आणि घर राखायचे ते बाईने, अशी ही दीडशे वर्षांची घडी आहे. अभियंता झालेल्या मुलीला पुण्याच्या नोकरीसाठी पाठवताना ती घडी मोडावी लागते. तेथे पोचल्यावर सुरक्षित निवारा मिळणे हा त्याच सांध्याचा दुसरा भाग. नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या वसतिगृहांची केंद्र शासनाची योजना १९७२-७३ पासून चालत आली आहे, हल्ली ती सखी निवास या नावाने ओळखली जाते आणि तीत पाळणाघराचीही तरतूद आहे. परंतु हिंजवडी किंवा ऐरोलीसारख्या ठिकाणी पहिल्याच नोकरीला येणाऱ्या मुलींची संख्या पाहता अशी वसतिगृहे आणखी कितीतरी लागतील.

२०२० नंतर घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा मुलीने बाहेर न जाता कामच गावात यावे अशी शक्यता प्रथमच निर्माण झाली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि जिल्ह्याच्या उत्तरेकडे दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे होऊन कित्येक दिवस वीज आणि संपर्क दोन्ही बंद पडले. घरून काम करणारी मुलगी पडवीत लॅपटॉप उघडून बसते, तेव्हा तिचे काम टिकणे न टिकणे हे खांबावरच्या तारेवर, बॅटरीवर, मोबाइलच्या मनोऱ्यावर, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळेत ती घरात असली तरी कामावर आहे हे घरच्यांनी मान्य करण्यावर अवलंबून असते. आल्यागेल्याचा चहा या वेळेत दुसऱ्या कोणीतरी करायचा असतो. बागेला शिंपण्याआधी जाणता माणूस झऱ्यापासून निघून प्रत्येक पन्हळीचा टेकू हाताने हलवून पाहतो. तशी चार-पाच ठिकाणे हेदवीत आजच मोजता येतात, आणि त्यांतील पहिले ठिकाण एसटीच्या थांब्यावर आहे, तर शेवटचे स्वयंपाकघराच्या दारात.